भिंतीपलीकडचा स्पीकर

८ जुलै २०२५, मंगळवार

आज नवे बड्स फोनला जोडताना नाक कापून घेतलं. यांनी धुळ्याहून आणले, बिनवायरचे. "काम करता करता गाणी ऐक," म्हणाले. माय गेल्यापासून घरात आवाज नाही, म्हणून आणले असतील. माय म्हणजे माझी सासू, पण सगळी गल्ली तिला मायच म्हणायची.

ब्लूटूथ चालू केलं. "जोडले" असं आलं. बड्स कानात घातले, सरिताचा व्हॉइस मेसेज लावला — कानात काहीच नाही. आवाज वाढवला. अजून वाढवला. मग ऐकू आलं, भिंतीपलीकडून! माझ्या बहिणीचा आवाज थोरल्या जावेच्या, अक्काच्या घरात घुमत होता: "तुझी ती अक्का तोंडाची तिखट आणि मनाची कडू. यंदा तुला कानबाईचे रोट कुठले देते ती!"

घाबरून बंदच करता येईना. शेवटी फोन गादीखाली कोंबला. गादीने काय होणार होतं, कपाळ.

तो स्पीकर आमचाच, म्हणजे तेव्हा सगळ्यांचा. श्रावणातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीला घेतला होता, माझ्या फोनवरून वाजायचा. दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा तिकडे गेला. मध्ये भिंत आली, त्यांनी दार मागच्या गल्लीत काढलं. माझ्या फोनला हे कोणी सांगितलं नाही.

९ जुलै

अक्काकडून चूं नाही. एरवी रागावली की भांडी आपटते. आज भांड्यांचासुद्धा आवाज नाही. म्हणजे फारच लागलं.

११ जुलै

बाजारात गेले होते. लीलाधरच्या मोबाइलच्या दुकानात विचारलं. तो हसला. "ताई, स्पीकर सुरू झाला की ओळखीचा फोन शोधतो. मधल्या भिंतीचं त्याला काही नाही. काढून टाकू का यादीतून?"

मी म्हटलं, राहू दे. का म्हटलं कोण जाणे.

दुपारी चारला तिकडे स्पीकरवर रेडिओ लागतो. रोज लागतो.

१४ जुलै, सोमवार

माझ्या फोनात मायचं गाणं आहे. मागच्या श्रावणात रोट करताना ती कानबाईचं गाणं म्हणत होती, ते मी गुपचूप घेतलं होतं. मध्येच गाणं सोडून माझ्यावर ओरडते, "पीठ सांडतंय, पाह्य तिकडे!" आणि परत तिथूनच उचलते. माय फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून एकदाही लावलं नव्हतं.

आज चारला लावलं. तिकडचा रेडिओ तुटला आणि माय गायला लागली. अक्काच्या घरात. मी भिंतीला कान लावून उभी. फार रडले. अक्काला मायनेच सुगरण केली, लेकीसारखी वाढवली. मला वाटलं, आता बंद करेल. केलं नाही. शेवटपर्यंत ऐकलं.

१५ जुलै

चारला स्पीकर सुरू झाला. रेडिओ नाही. नुसता सुरू करून ठेवला. मी मायला लावलं.

१९ जुलै

रोज चारला हेच. तिकडे अक्का, इकडे मी, मध्ये माय. तोंडाने बोलत होतो तेव्हा एवढं कधी बोललो नाही.

जेवताना हे म्हणाले, "भाऊचं दुकान आजपण बंद होतं. सुरतेला गेला असेल, मोटारी रिवाइंडिंगची तार आणायला." म्हणजे अक्का घरात एकटी. बरंच आहे. भाऊजी असते तर मला गाणं लावायचाही धीर झाला नसता. लग्नाला बावीस वर्षं झाली, त्यांच्यासमोर अजून डोक्यावर पदर घेते. एक शब्द सरळ बोलले नाही. चहा हवा का, तेसुद्धा अक्काच्या मार्फत.

२४ जुलै, गुरुवार

कानबाई जवळ आली. कानबाई म्हणून पुजायचा नारळ तिकडे आहे, मोठ्या भावाच्या घरी. कानबाई तिथेच बसते. रोटांचे, देवीच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने मूठ घालतात, आणि कुळातल्या सगळ्यांनी एकत्र बसून खायचे. यांच्या नावाची मूठ यंदा घालतील का? हे विचारत नाहीत. पण ताटात अर्धी भाकरी उरते, ती मला दिसते.

मायच्या दहाव्याला भाऊजी सगळ्या भाऊबंदांत म्हणाले होते, "प्रेमराजनं दवाखान्यात न्यायला उशीर केला. मी घरी असतो तर माय जगली असती." हे मान खाली घालून बसले.

मी होते ना त्या दिवशी. सकाळीच तिच्या छातीत कळ आली. यांनी गाडी दारात लावली. माय खाटेची कड सोडेना. "मना योगराज येऊ दे, मंग जाऊ." यांनी हात जोडले, पाय धरले. नाहीच. योगराज, योगराज. भाऊजी सुरतेहून दुपारी आले तेव्हा कुठे ती गाडीत बसली. धुळं यायच्या आत गेली.

यांनी मला शपथ घातली. "भाऊला हे कधी कळू द्यायचं नाही. मला शिव्या दिल्यानं मी मरत नाही. हे कळलं तर तो मरेल."

२६ जुलै, शनिवार

मोडली शपथ. मोडली म्हणजे — भाऊजींना नाही सांगितलं. अक्काला सांगितलं. बाईला बाईचं कळतं. माझ्या नवऱ्याला देवीच्या रोटांतून बाहेर ठेवतात म्हणजे काय, मला ते सहन होणार नाही.

फोनमध्ये बोलून ठेवलं आणि चारला मायच्या गाण्यामागोमाग लावलं. माय काय म्हणाली, कोणाची वाट बघत बसली, सगळं. शेवटी म्हटलं, "अक्का, भाऊजींच्या कानावर जाऊ देऊ नका. फक्त यांच्या नावाची मूठ घाला."

तिकडे स्पीकर बंद झाला.

२८ जुलै

चारला लागला नाही.

२९ जुलै, नागपंचमी

आजही नाही. दगड आहे अक्का, दगड. एवढं ऐकून कोणी गप्प बसतं का? सरिता म्हणाली ते खोटं नव्हतं.

१ ऑगस्ट

हे आज म्हणाले, "आपल्यापुरते आपण घरी करू." घरी करू म्हणे. नारळाशिवाय?

२ ऑगस्ट, शनिवार

सकाळी दारात अक्का. हातात लाल फडक्यात नारळ.

"आईचं खुब्याचं हाड मोडलं गं. जामनेरला भावाकडे होते, महिना झाला. काल संध्याकाळी आले. तुला कळवायला आपण बोलतो कुठे?"

मी विचारलं, "मग घरात कोण होतं?"

"कोण असणार? हेच. दुकान बंद, बठ्ठं घर बंद करून बसलेले. खात नाहीत, पीत नाहीत. रात्री एवढंच बोलले — नारळ प्रेमराजकडे दे, यापुढे कानबाई त्याच्याकडे बसेल. आणि गहू घेशील तेव्हा माझ्या नावाची मूठ घालू नको." अक्काने नारळ माझ्या पदरात ठेवला. "मोठा भाऊ असून असं म्हणतात. असं काय झालं गं यांना?"

मी नारळ घेऊन उभी राहिले. बावीस वर्षांत भाऊजींशी पहिल्यांदा बोलले, आणि बोलले ते हे.