चार तलावांचे पॅनेल

आंधळगाव, रविवार

तीर्थरूप श्यामलालमामांना दुर्गाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आणि मामींची शेळी दोन्ही आता बरी असतील, असे धरून लिहिते. (गुडघा मामींचा आणि शेळी तुमची असल्यास दुरुस्त करून वाचावे.)

तुमच्या शब्दामुळे मला मासेमार संस्थेत काम लागले, तेव्हा त्याची हकीकतही तुम्हीच ऐका. संस्थेचे तलाव चार, चौघांकडे एकेक. वर्षभरात कोणत्या तलावातून किती मासोळी निघाली ते एका कागदावर दाखव, मत्स्यविभागाचे साहेब येणार आहेत, असे अध्यक्ष श्रावणभाऊंनी सांगितले. संगणकात आलेख काढायची एक लायब्ररी असते (पुस्तके नसतात, कपाटही नसते). तिच्यात एका पानाच्या चार चौकटी पाडता येतात, वर दोन, खाली दोन. अशा चौकटीला पॅनेल म्हणतात. मी भाबडेपणाने ग्रुपवर लिहिले, चार पॅनेल तयार आहेत, उद्या लावते. संध्याकाळपर्यंत निवडणूक लागल्याची बातमी गावभर झाली आणि दोघांनी मला आपापल्या पॅनेलमध्ये महिला राखीव जागा देऊ केली.

खुलासा झाला, तेव्हा खरे भांडण सुरू झाले. प्रत्येक चौकटीत मासोळी दाखवणारी एक उभी दांडी होती आणि चौकटींना मी अ, ब, क, ड अशी अक्षरे दिली होती. डोमाभाऊंचा तलाव ड मध्ये, खालच्या कोपऱ्यात. "माह्या तलावाले काहून खाली दाबून राहिली, पोरी?" त्यात मोजपट्टी चारही चौकटींना एकच, म्हणून कुंताबाईंच्या तलावाची दांडी छताला टेकलेली आणि डोमाभाऊंची मुंगीएवढी. मग मी प्रत्येकाला वेगळी मोजपट्टी दिली. सगळ्या दांड्या सारख्या उंच झाल्या, तर कुंताबाई भडकल्या, "आमची मेहनत अन् याची झोप एकाच उंचीची काय वं?" (बोलणे खरे होते, पण मला नोकरी टिकवायची होती.) शेवटी पुन्हा एकच मोजपट्टी ठेवली, अक्षरांची अदलाबदल केली, तलावांची नावे मोठी केली. वरचे आकडे खालच्या नावांवर चढले. जागा करता करता नावेच पानाबाहेर गेली. मोहाडीहून छापून आणले, तेव्हा कागदावर नुसते अ, ब, क, ड.

सभेत कागद तसाच लावला. पण सर्वांत उंच दांडी आपलीच, असे प्रत्येकाने धरले. टाळ्या पडल्या. श्रावणभाऊंनी मला सत्काराचा नारळ दिला. तेवढ्यात साहेब म्हणाले, सर्वांत कमी मासोळीच्या तलावाला यंदा बोटुकली, म्हणजे माशांची बोटभर पिल्ले, फुकट सोडू. लगेच डोमाभाऊ उठले, "साहेब, ते बुटकी दांडी आमची होय."

"खोटा बोलून राहिला तो! ते आमची होय," कुंताबाई म्हणाल्या.

बाकी दोघेही उभे राहिले आणि चारही तलाव तिथल्या तिथे आटले. साहेबांनी हात जोडले, नावांसकट कागद पाठवा म्हणाले आणि न जेवताच गेले.

मामा, बोटुकली आता नाही सोडली तर वर्ष वाया जाते. म्हणून काल मी नावे नीट बसवली. बुटकी दांडी खरोखरच डोमाभाऊंची आहे. कागद गुरुवारी फलकावर लागेल.

तुमची भाची,
दुर्गा

ता. क. त्या दिवशी उरलेले तिघे आमच्या दारात येतील. तुमच्यापुढे कोणी आवाज चढवत नाही. बुधवारीच पवनीहून निघा.

आणखी एक. आलाच आहात तर आईशी बोला. डोमाभाऊंचा प्रविण मला पसंत आहे. आकडे खरे आहेत, हे तिला आधी सांगा. मुलाचे नाव मग काढा.