सुनीलच्या गेमचं शेवटचं साल

जव्हार, १४ ऑक्टोबर २००४, संध्याकाळ

माझा धाकटा भाऊ सुनील जाऊन पाच महिने झाले. कॉम्प्युटरवर त्याचा राज्यांचा गेम अर्धाच राहिलाय. एका लहान राज्याला जव्हार नाव देऊन त्याने ते समुद्रापर्यंत वाढवलं. मी रोज थोडा पुढे नेतो. आज त्याचा मित्र रमेश सहज बोलून गेला, "दादा, १८१९ संपलं की गेम आपोआप संपतो."

पडद्यावर १८१६ होतं. म्हणजे जेमतेम तीन वर्षं उरली.

"सुन्या भांडायचा," रमेश म्हणाला. "त्याला संस्थान विलीन होईपर्यंत, एकोणीसशे अठ्ठेचाळीसपर्यंत पाहिजे होता. मी म्हणायचो, पुढे आगगाडी येते, मग मजा जाते. तर म्हणे, जव्हारला अजून कुठे आलीय? चालू दे की!"

मी हसलो. तेवढ्यात लाईट गेली.

"सेव्ह केलं होतं?"

नव्हतं. शेवटचं सेव्ह कालचं, १८०९ मधलं.

"अरेरे, सात वर्षं गेली."

गेली? मला तर मिळाल्यासारखी वाटली. मुद्दाम सेव्ह न करणं म्हणजे रडीचा डाव, सुनीलने तेच म्हटलं असतं. पण लाईटच गेली तर माझा काय दोष? उद्याही वेळेवर जाईल ना?