दुसरी वेलांटी

अहो,

तुमचं पाकीट पोचलं. तिकीट कमी लावलंत, म्हणून दोन रुपये मला भरावे लागले. माझ्या नावातली दुसरी वेलांटी याही वेळी तुम्ही ऱ्हस्वच काढलीत. लग्नाला बावीस वर्षं झाली.

‘ती संगमरवरी कबर मीही बघितलेली नाही, जोडीनं बघू,’ असं तुम्ही दरवर्षी लिहिता. यंदा वाट बघून विटले आणि देवाचं नाव घेऊन एकटीच गाडीत बसले.

तिथे मागच्या भिंतीवर लोकांनी खिळ्यानं नावं कोरलेली बघून किळस आली. त्यांत तुमचं नाव होतं, आडनावासकट, शिरोरेघ नेहमीसारखी खाली घसरलेली. शेजारी, त्याच हातानं कोरलेलं एका बाईचं नाव. मी बोटानं चाचपलं, तर पहारेकरी म्हणाला, “काकू, हात लावू नका. भिंत घाण होते.”

म्हटलं, “व्हायची ती आधीच झालीय, बाबा.”

घरी येऊन दोनदा आंघोळ केली. तरी त्या बोटानं जपमाळ ओढवत नाही.

हे पत्र पेटीत टाकवेल असं वाटत नाही. टाकलंच, तर उलट टपाली एवढंच कळवा : तिच्या नावातल्या सगळ्या वेलांट्या बरोबर कशा आल्या?

तुमची,
दुसरी दीर्घ असलेली