चौदा दिवसांचं की वर्षाचं

प्रिय नेरिस,

तुझा मेसेज मंगळवारी आला, तेव्हा मी बँगरच्या बस डेपोत चहा घेत बसलो होतो. "ग्विल, आम्ही २४ जुलैला फ्लोरिडाला चाललोय. मी, आई आणि गेरेंट. एकोणीस दिवस. पार्कचं चौदा दिवसांचं तिकीट घेऊ की वर्षाचा पास?" एवढंच. नोव्हेंबरात मी तुमच्या घरातून माझे बूट आणि रेडिओ घेऊन बाहेर पडलो, त्यानंतरचा तुझा हा पहिला मेसेज. मी चार वेळा उत्तर टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं. शेवटी माझी लँडुडनोची बस सात मिनिटं उशिरा सुटली आणि पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी मला चांगलंच झापलं. म्हणून आता सुट्टीच्या दिवशी, सकाळी, टेबलापाशी बसून रीतसर पत्र लिहितोय. हसू येत असेल तर हस. लहान उत्तर मला कधी जमलंय?

तर आधी चौदा दिवसांच्या तिकिटाबद्दल. त्यातली मेख तुला माहीत आहे, कारण ती आपण तिघांनी भोगली आहे. ज्या दिवशी पहिल्यांदा फाटकातून आत जाल, त्या दिवसापासून चौदा दिवस मोजले जातात. मग तुम्ही मध्ये दोन दिवस तापाने झोपा, नाहीतर पोहण्याच्या तलावात पाय सोडून बसा, तिकिटाला त्याचं काही नाही. आपल्या पहिल्या सहलीत तू नऊ वर्षांची होतीस. विमान दुपारी उतरलं, पाच वाजता आपण भाड्याच्या घरी पोचलो आणि तू म्हणालीस, "नुसतं एक आइस्क्रीम खाऊन येऊ ना, लांबून किल्ला बघू." तुझी आई म्हणाली, "अगं, उद्या जाऊ, ग्विलचे डोळे मिटतायत." आणि मी, नवा नवा, तुझ्यावर छाप पाडायला उतावळा झालेला माणूस, म्हणालो, "त्यात काय, जाऊ की!" त्या एका आइस्क्रीमपायी आपला एक अख्खा दिवस गेला. शेवटच्या दिवशी मिरवणूक बघायची म्हणून तू नवा फ्रॉक घातला होतास आणि फाटकावरच्या बाईंनी अगदी गोड आवाजात सांगितलं, की तुमचं तिकीट काल संपलं.

तू रडली नाहीस. रडली असतीस तर बरं झालं असतं. तू फक्त माझ्याकडे पाहिलंस, कंडक्टरने चुकीच्या स्टॉपवर उतरवलं की माणसं बघतात तसं. मग आपण रस्त्यापलीकडे छोट्या गोल्फच्या मैदानावर गेलो, तिथे तू आम्हा दोघांना हरवलंस, आणि परतताना गाडीत म्हणालीस, "पुढच्या वेळी तिकिटं नीट वाच हं." 'पुढच्या वेळी' हे तुझे शब्द मी किती दिवस मनात घोळवत होतो, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आईबरोबर राहायला येऊन मला तेव्हा सहाच महिने झाले होते. तुझे बाबा कार्डिफला, दर महिन्याला तुला न्यायला येणारे. घरात माझी जागा काय, हे कुणीच ठरवलेलं नव्हतं. तुझ्या लेखी तर मी आईच्या खुर्चीवर बसणारा एक माणूस होतो.

त्यानंतर मी तिकिटं नीट वाचायला लागलो. नको इतकी नीट. निळी फाइल आठवते ना? कुठल्या दिवशी कुठल्या पार्कात गर्दी कमी, कुठल्या राइडला सकाळी नऊच्या आत पोचायचं, जेवण कुठे, सावली कुठे. तुझी आई ती फाइल उघडून मोठ्याने वाचायची आणि म्हणायची, "काय रे, बाथरूमला कधी जायचं ते कुठल्या पानावर आहे?" मी म्हणायचो, "पान सहा." आणि खरंच ते पान सहावर होतं. बॅगेत आपल्या चहाच्या दोनशे पुड्या, कारण तिकडच्या चहाला मी चहा म्हणत नाही. तू तेराची झालीस तेव्हा फाइलमध्ये तुझ्या हस्ताक्षरात एक पान आलं, 'आईला न आवडणाऱ्या गोष्टी'. त्यात पहिल्या नंबरला 'घाई' असं लिहिलं होतंस. मी ते पान वाचून खूप हसलो आणि फाइलमध्ये परत लावून दिलं. तेव्हा हसायला नको होतं, हे आता कळतं.

आता वर्षाचा पास. तो महाग असतो, पण गाडी लावायला पैसे पडत नाहीत, खाण्यावर सवलत मिळते, आणि मुख्य म्हणजे दिवस जळत नाहीत. सकाळी उठून कुणी म्हणालं, आज कंटाळा आलाय, तर अंगावर चादर ओढून पडता येतं. चौदा दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्यांना तो बरा पडतो. पण त्याचा खरा फायदा मला समजला तो आपल्या तिसऱ्या सहलीत, बोटीच्या रांगेत. विगनहून आलेलं ते म्हातारं जोडपं आठवतं? त्या बाईंनी तुला सगळ्या रांगेभर पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, चौदा दिवसांचं कशाला घेता? या वर्षी ऑगस्टच्या मध्यावर यायचं आणि पुढच्या वर्षी ऑगस्टच्या आरंभी. एका पासात दोन उन्हाळे बसतात. डॉक्टरांनी ह्यांच्या हृदयाबद्दल काहीबाही सांगितलंय, पण पास शिल्लक असला की हे मरायचं नाव काढत नाहीत." त्यांचा नवरा शेजारी उभा राहून मान हलवत होता, जणू त्याला गाडीची वेळ सांगितली होती. तुझी आई त्या जोडप्याकडे वळून वळून बघत होती. मग म्हणाली, "बघ, किती खात्री आहे त्यांना." मला वाटलं ती पार्कबद्दल बोलतेय.

हे तुझ्या प्रश्नात बसत नाही, माहीत आहे. पण तुझी आई आणि मी का वेगळे झालो, हे तुला कुणी धड सांगितलं नसेल, आणि तू विचारणार नाहीस. भांडण झालं नाही. गेरेंटचाही त्यात काही दोष नाही, तो आईच्या आयुष्यात नंतर आला. शाळेत मुलांना पळायला लावणारा माणूस आहे, एकदा बसमध्ये भेटला, उतरताना आभार मानून उतरला. भला दिसतो. दोष माझा होता, आणि तो असा, की मी सगळं ठरवत गेलो आणि तिला विचारलं काहीच नाही. मला वाटायचं हीच माझी माया. त्या मायेचा मोबदला म्हणून मी कधी काही मागितलं नाही, याचा मला अभिमानही होता. गेल्या उन्हाळ्यात, नववा की दहावा दिवस असेल, तू अजून झोपली होतीस. ती तलावाच्या कडेला पाय सोडून बसली होती आणि म्हणाली, "ग्विल, आज कुठे नको जायला. इथेच बस जरा. बोलायचंय." मी घड्याळाकडे पाहिलं. म्हणालो, "डेलिथ, एक दिवस वाया जाईल गं." ती उठली, पाय पुसले, आणि सनक्रीम शोधायला आत गेली. त्या दिवशी आपण सगळ्या राइड वेळेवर केल्या. नोव्हेंबरात ती जे बोलली, ते तिला तेव्हाच बोलायचं होतं, असं मला वाटतं. तेव्हा ऐकलं असतं तर कदाचित काही करता आलं असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. ती मी तुझ्या आईलाही सांगितलेली नाही. गेल्या वर्षी मी तिला म्हणालो होतो, नेहमीची चौदा दिवसांची तिकिटं काढली. तसं नव्हतं. मी तिघांचे वर्षाचे पास काढले होते. घरात काहीतरी निसटतंय, हे मला कळत होतं, पण विचारायची हिंमत नव्हती. म्हणून पुढचा उन्हाळा आधीच विकत घेऊन ठेवला. वाटलं, ख्रिसमसला कागदात गुंडाळून देईन आणि दोघी किंचाळाल. पितळ उघडं पडू नये म्हणून मी चौदाही दिवस खाण्यावरची सवलतसुद्धा मागितली नाही. म्हणजे त्या सकाळी तलावापाशी कुठलाही दिवस वाया जाणार नव्हता. माझ्या खिशात अख्खं वर्ष होतं, आणि तरी सवयीने तेच वाक्य तोंडातून निघालं. या एका गोष्टीबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की तुला आणि आईला काहीच घ्यायचं नाही. आपण गेल्या वर्षी पहिल्यांदा आत गेलो तो १३ ऑगस्ट. तुम्ही ११ ऑगस्टला परतताय. दोन्ही पास चालू आहेत, मी काल फोन करून खात्री करून घेतली. ते या पाकिटात आहेत. माझा पास गेरेंटला चालणार नाही, फाटकावर बोट ठेवावं लागतं आणि ते बोट माझंच लागतं. त्याच्यासाठी चौदा दिवसांचं तिकीट काढा. पहिल्या संध्याकाळी त्याला आइस्क्रीम खायला आत नेऊ नका, म्हणजे झालं. तो म्हणाला, की मीही वर्षाचाच काढतो, तर काढू दे. पुढच्या वर्षाचं त्याने तुझ्या आईला आधी विचारावं, एवढं मात्र माझ्यातर्फे सांग. आणि हे पास वापरायचे की नाही, तेही आईला विचारून ठरवा. तिला नको असतील तर फेकून दे, मला वाईट वाटणार नाही. वाटेल, पण ते माझं मी बघेन.

नेरिस, ही माहिती तुला फोनवर पाच मिनिटांत मिळाली असती. तू हुशार आहेस, सप्टेंबरात युनिव्हर्सिटीला जाणार आहेस, तिकीट कुठलं घ्यायचं हे तुला मला विचारायची गरज नव्हती. तरी विचारलंस. हे माझ्या टाळक्यात शिरायला मंगळवार ते शुक्रवार लागले. एका ओळीत उत्तर दिलं असतं, तर तू 'थँक्स' म्हणाली असतीस आणि संपलं असतं. म्हणून एवढं लांबण लावलं. आणखी एक कबुली राहिली, खरं तर तिच्यासाठीच लिहायला बसलो. पास काढताना अर्जात प्रत्येकाच्या नावापुढे माझ्याशी नातं काय, ते भरायचं होतं. आईच्या नावापुढे 'जोडीदार' लिहिलं, ते आता खोटं झालं. तुझ्या नावापुढे मी 'मुलगी' लिहिलं. नऊ वर्षांत तुला तसं कधी म्हटलं नव्हतं, आणि लिहिताना विचारलंही नाही, बाकी सगळ्यासारखंच. आता विचारतोय. तसंच राहू दिलं तर चालेल का?

वाट पाहणारा,
तुझाच
ग्विल