नामदेवच्या गाडीचं हेड

९ नोव्हेंबर १९८३
नामदेवची मालाची गाडी आज टोचन करून गॅरेजात आणली. त्याचं तेरावं होईस्तोवर खोपोलीला घाटाच्या पायथ्याशी उतरवून ठेवली होती. शाळेपासूनचा दोस्त. चौकात मी गॅरेज टाकलं तेव्हा पहिली गाडी त्याचीच लागली. बॉनेट उघडलं, परत लावलं. आज हात लावणार नाही.
बोरघाटात पाणी उकळलं आणि ह्याने गरम रेडिएटरचं झाकण उघडलं. तोंड, गळा, छाती. इस्पितळात चार दिवस काढले. झाकण गरम असताना उघडू नये हे क्लीनरला पहिल्या दिवशी शिकवतात. नामदेवनेच कितीजणांना शिकवलं असेल.

११ नोव्हें.
त्याचा धाकटा भाऊ शंकर येऊन गेला. गाडी विकायची म्हणतो. "वामनदादा, फक्त चालू करून द्या. हायेत तेच बोल्ट परत आवळा. गिऱ्हाईक आवाज ऐकतो, आत कोन बघतो?"
पोरगा वाईट नाही. गाडीकडे पाठ करून बोलत होता सगळा वेळ.
म्हटलं, उघडून तर बघू दे.

१२ नोव्हें.
हेड काढलं, सिलिंडरांच्या वरचा जड भाग.
इंजिन टर्बोचं. धरणाच्या कामावरचा डंपर मोडीत निघाला त्याचं. नामदेवने हौसेने घाटावरच्या कुठल्याशा गॅरेजात बसवून घेतलं होतं. तेव्हा मला दाखवायला आला, "वामन्या, भरलेली गाडी घाट कशी चढते बघ." टर्बो जास्तीची हवा कोंबतो, आतला दाब वाढतो, तो दाब हेडला खालून उचलू बघतो. धरून ठेवायला बोल्टच. आणि बसवणाऱ्याने जुनेच बोल्ट आवळून दिलेले. नव्या बोल्टाशेजारी धरून बघितले. ताणून लांब झालेत, मानेशी बारीक. एकाबरोबर तर ब्लॉकमधला आटाच उपसून आला.
तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मध्ये हेडखालचं गॅस्केट जळलंय. पण ताजं नाही. पाण्याची वाट पडलीय, तिच्यावर गंज, गंजावर क्षार. महिनाभर तरी झिरपत असणार.
सीटमागे पाण्याचे दोन डबे. म्हणजे नामदेवला ठाऊक होतं. थांबेल तिथे पाणी भरत होता आणि गाडी चालवत होता. माझ्या गॅरेजासमोरून.
एकदा तरी थांबायचंस रे.

१४ नोव्हें.
कुसुमवहिनी आल्या. नामदेवची बायको. दहिवलीहून एकट्याच, एस.टी.ने. कपाळ मोकळं, बघवेना. स्टुलावर बसल्या, चहा घेतला नाही. उघड्या इंजिनाकडे बघत राहिल्या. मग:
"भावजी, हे एका दिसात झालं का आधीपासनं होतं?"
डबे तिथेच कोपऱ्यात होते.
म्हटलं, "एका दिवसात. त्याच खेपेला. कुणालाच कळलं नसतं."
मान हलवली. गेल्या.
बरं केलं. गेलेल्या माणसाचा निष्काळजीपणा तिला कशाला सांगायचा.

१७ नोव्हें.
बोल्ट की स्टड. दोन दिवस हेच डोक्यात.
नवे बोल्ट टाकले तर काम लवकर होईल. पण बोल्ट दरवेळी ब्लॉकच्या आट्यात फिरतो, आवळताना तिथेच झीज. एक भोक आधीच गेलंय. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली सळी, एकदा ब्लॉकमध्ये बसली की बसली. वरून फक्त नट आवळायचा, ओढ सरळ येते, सगळीकडे सारखी. टर्बोला स्टडच बरा. अडचण अशी की स्टड उभे असले की हेड सरळ वर उचलावं लागतं, आणि वर केबिनची कड आडवी येते. उद्या रस्त्यात कुणाला हेड काढायची वेळ आली तर मला शिव्या घालील.
घालू दे.
शंकर ऐकून चिडला. "इकायच्या गाडीला येवढं कशाला, दादा?" म्हटलं, वहिनींना विचार. विकली म्हणून ती घाट चढायची थांबणार आहे का?

१९ नोव्हें.
शिळफाट्याला हसनचाचाच्या लेथवर गेलो. म्हटलं, स्टड कातून द्या. म्हाताऱ्याने जुना बोल्ट हातात फिरवला, चष्मा वर केला.
"शेतावरच्या पंपाला पायजे तर आत्ता देतो. ह्याला नाय देनार. माझं लोखंड एवढा ताण घेईल का, मलाच ठाव नाय."
"चाचा, तुमचं काम मी ओळखतो."
"काम माझं हाय, लोखंड माझं नाय. माझा नातू पन त्याच घाटात गाडी चालवतो, वामन."
मुंबईहूनच आणावे लागणार.

२३ नोव्हें.
मुंबईत स्टड मिळाले. डंपरचे सुटे भाग विकणारा गुजराती. नटही त्याच जातीचे, जाड वॉशर. परत आल्यावर खराब भोक मोठं करून त्यात पोलादी नळीचा बुश घातला, नवा आटा पाडला. ब्लॉक घासूनपुसून लख्ख. हेड मशीनवर सपाट करून आलंय.
शंकरचा निरोप, वहिनींनी स्टडला होकार दिला. म्हणाल्या, "घेनाऱ्याच्या घरी पन कोनीतरी वाट बघनारच ना."

२६ नोव्हें.
वाटलं होतं बरं केलं. काय करून बसलो.
वहिनी आल्या दुपारी. स्टड हातात घेऊन बघितले. मग आपणहून बोलू लागल्या, माझ्याकडे न बघता.
"त्या दिशी ते जानार नव्हते. अंग मोडून आलंय म्हनत होते. मीच म्हनलं, जावा, येवढी खेप करून या. धाकटीला बघायला पावने यायचे होते, घरात सामान भरायचं होतं. तुमी म्हनलात ना, त्याच खेपेला झालं. म्हंजे नसते गेले तर..."
मी समोर उभा. शेजारच्या गाडीवाल्याने हाक मारली आणि मी, लाज वाटते लिहायला, त्याच्याकडे गेलो. परत आलो तर त्या एस.टी.ला गेलेल्या.

२७ नोव्हें.
हेड बसवायचं होतं. नाही बसवलं.
घरी बायकोला, शांताला, सगळं सांगितलं. भाकरी थापत ऐकत होती. बायका अशा वेळी ओरडतात, ती ओरडली नाही. म्हणाली, "मग जाऊन सांगा. मला काय सांगताय."

२८ नोव्हें.
दहिवली. अंगणात भात झोडून झालं होतं, पेंढा पसरलेला. वहिनी सूप घेऊन पाखडत होत्या. मी उभ्यानेच बोललो. बसलो असतो तर बोलता आलं नसतं.
"वहिनी, मी खोटं बोललो. ते एका दिवसातलं नव्हतं. महिनाभर पाणी झिरपत होतं. नामदेवला माहीत होतं. पाण्याचे डबे घेऊन फिरत होता. त्या दिवशी नसता गेला तर दुसऱ्या दिवशी, नाही तर त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमच्यामुळे नाही."
सूप थांबलं.
"त्यांना ठावं होतं?"
"हो."
"म्हैनाभर?"
"हो."
"रोज रातच्याला जेवताना मी इचारायची, गाडी बरी हाय ना. बरी हाय म्हनायचे." सूप खाली ठेवून: "मला का नाय सांगितलं, भावजी?"
मला काय माहीत. मलाही नाही सांगितलं त्याने. तसं म्हटलं. मग त्या रडल्या, तेराव्यालाही रडल्या नव्हत्या तशा. धाकटी दारात येऊन उभी राहिली आणि माझ्याकडे असं बघत होती, जणू मीच काही करून आलो.
निघालो. एक ओझं काढलं आणि दुसरं दिलं. कोणतं जड, कोण सांगणार.

१ डिसेंबर
स्टड बसवले. ब्लॉकमध्ये फक्त हाताने, पान्याचा जोर द्यायचा नाही. तेल लावून नट. मधून बाहेरच्या बाजूला, थोडं थोडं, फेऱ्या करत. शेवटच्या फेरीआधी थांबलो, पाणी प्यालो, पहिल्यापासून परत तपासलं. संध्याकाळी इंजिन चालू केलं. आवाज सुरेख. नामदेवने ऐकला असता तर पाठीत धपाटा घातला असता.

४ डिसें.
खडी भरून घाटात चाचणी. शंकर चालवायला. शिळफाट्याला वहिनी रस्त्याच्या कडेला उभ्या. शंकरने सांगितलेलं नव्हतं, मीही नाही. चढून मध्ये बसल्या.
चढणीला तापमानाचा काटा हलला नाही. दोन्ही अवघड वळणं गाडीने आरामात काढली. पुढे एका जागी वहिनी म्हणाल्या, "हितंच ना?" शंकरने गाडी बाजूला घेतली, दगड लावले. वहिनी उतरून कठड्यापाशी गेल्या.
"भावजी, पानी गार व्हायला किती येळ लागतो?"
"अर्धा तास. थंडीत त्याहून कमी."
"अर्धा तास," म्हणाल्या.
कठड्यावर बसल्या. आम्ही दोघं उभे. खालून गाड्या कण्हत वर येत होत्या, एकाने हॉर्न मारून विचारलं, काय मदत पाहिजे का. शंकरने हात केला, नको.
अर्धा तास होईस्तोवर बसल्या. उठल्या तेव्हा शंकरने चाचरत विचारलं, "वहिनी, गिऱ्हाईक पुढच्या रविवारी येतंय. काय सांगू?"
"येऊ दे," म्हणाल्या. गाडीत चढताना दाराच्या दांडीला धरून क्षणभर थांबल्या. "नाय तर नको. मी कळवते."
दहिवलीच्या वळणावर उतरल्या. मागे बघितलं नाही.

६ डिसें.
इंजिन एकदा तापून गार झालंय. नट परत तपासले. एकही हलला नव्हता.
दहिवलीहून अजून काही निरोप नाही.