मंगळवारपर्यंत थांबलेली सुई

१३ जाने. ५८, सोम.
सकाळची लघवी तपासली. निळं औषध उकळून हिरवं झालं. म्हणजे साखर थोडी आहेच. काल लग्नाच्या पंगतीत जिलेबीकडे फक्त पाहिलं होतं. शेवंता म्हणते, "पाह्यली का चाखली?" बायको नाही, फौजदार आहे.

दारव्ह्याच्या माझ्या भोंग्याच्या दुकानात दिवसभर ऐकत बसलो. मागच्या पावसाळ्यातला ताप परत आला. तेव्हा आपलं गाव त्यातून वाचलं होतं. आता भोंगा भाड्यानं न्यायला येणारा दर दुसरा माणूस खोकतो. कोरडा खोकला, डब्यात खडा हलवल्यासारखा. कापसाच्या जिनातले दोन हमाल गेले म्हणतात. तरणे होते.

संध्याकाळी डॉ.नी दुकानासमोर सायकल थांबवली. त्यांच्या मुंबईच्या मित्रानं या तापावरच्या लशीच्या दोन-चार कुप्या धाडल्यात. "एक तुमच्यासाठी ठेवली आहे. साखरवाल्या माणसाला हा ताप लागला की छातीत उतरतो." म्हटलं, साखरेची एक सुई रोज टोचून घेतोच, ही दुसरी. त्यांनी विचारलं, "अंड्याचा काही त्रास?" म्हटलं, लहानपणी अंडं मिळायचाच त्रास होता. हसले. लस अंड्यात वाढवतात म्हणे, म्हणून विचारलं. लवकर या म्हणाले. अंगात भिनायला दोन आठवडे लागतात. घेतल्यावर एखादा दिवस अंग तापेल, घाबरायचं नाही.

१५ जाने., बुध.
हिरवं.
गावात दवंडी. येत्या मंगळवारी मरीमायचा गाडा. साथ गाड्यावर बसवायची अन् शिवेपार सोडून यायची. ओढायचा आपल्या बस्तीनं. आजा ओढायचा, बाप ओढायचा, लहानपणी मीही दोर धरला आहे. पण नागपूरला जाऊन दीक्षा घेतली त्याला सव्वा वर्ष झालं. गेल्या आषाढात बस्तीनं नाही म्हटलं, निभावलं. तेव्हा गावात कोणी आजारी नव्हतं. आता घरोघर अंथरुणं.

रस्त्यात पाटील. "काय गा भोंगेवाल्या, मायवर भरोसा नाही अन् डॉक्टरच्या सुईवर आहे म्हणते?" याला कसं कळलं? म्हटलं, "पाटील, सुई कोंबडं मागत नाही." सगळे हसले, पाटीलही. हसणं संपल्यावर डोळे मात्र माझ्यावरच.

१६ जाने., गुरु.
नामदेव येऊन बसला. बस्तीला दीक्षेला घेऊन गेला तो हाच. बराच वेळ तंबाखूच चोळत होता.
"गड्या, सुई मंगळवारपर्यंत घेऊ नको."
काहून?
"डॉक्टरच म्हणते ना, अंग तापते. इकडे आपण गाडा नाही ओढला अन् तिकडे तू तापानं पडला, तर अर्धी बस्ती दोर धराले जाईन."
म्हटलं, नाही घेतली अन् खरा ताप लागून मेलो तर?
खाली पाहून म्हणाला, "तरी तेच म्हणतीन."

खरं आहे. घेतली तरी मायचा कोप, नाही घेतली तरी मायचा कोप. माझं अंग म्हणजे गावाची चावडी झाली, ज्यानं त्यानं येऊन निवाडा करावा.

शेवंता चुलीपासून: "नामदेव भाऊजी, मंग यांच्या वाट्याचा ताप तुम्ही घ्या न." नामदेव उठून गेला. चहा तसाच.

१७ जाने., शुक्र.
थांबायचं ठरवलं. अर्धी बस्ती दोरापाशी गेली तर नागपूरहून आणलं ते सगळं गेलं. डॉ.ना सांगितलं, बुधवारी येतो. कारण सांगितलं नाही. म्हणाले, "कुपी बर्फात आहे, ती थांबेल. ताप थांबेल का?"

फुलाआत्या, जिनं मला वाढवलं, तिचा तिसराच सल्ला. "चोरून घे बापू. अंग तापलं तर म्हण, वांगं बाधलं." निजताना भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. कान तिखट असणं वाईट. मरीमायचं नाव घेत होती. माझ्यासाठीच मागत होती.

२१ जाने., मंगळ.
पिवळं, म्हणजे साखर वाढली. कालही पिवळं. जेवण तर तेच आहे.
बस्तीतून कोणी गेलं नाही. एकही नाही. गाडा दिवसभर देवळापुढे उभा. डफ वाजत होता, दिवेलागणीला थांबला. थांबल्यावर जास्त ऐकू येऊ लागला.

२२ जाने., बुध.
पिवळं.
शेवंतानं हलवून उठवलं. गाडा बस्तीच्या तोंडाशी. रात्री गावानंच ओढला, पण शिवेपार नेला नाही. इथवर आणून सोडला. हिरव्या बांगड्या, कडुलिंबाचा डहाळा, नारळ, कुंकू. सगळी बस्ती भोवती उभी, चार हात लांब. हटवावा तर आपण गाडा ओढला असं होते. न हटवावा तर साथ दारात बसली. नामदेवची शेळी आली अन् लिंब खाऊन गेली. सगळे शेळीकडे पाहत राहिले. शेळी मजेत. कोणी हसलं नाही.

सायकल काढली ती थेट डॉ.कडे. सुई घेतली. परत येऊन बाही वर करून सगळ्यांना दंड दाखवला. उद्या अंग तापेल, ते सुईचं, आधीच सांगून ठेवतो. आत्या कपाळावर हात मारून: "आधीच कायले सांगतं रे!"

टोचताना डॉ.नी विचारलं होतं, खोकला कधीपासून? म्हटलं, दुकानातली धूळ. शेवंता म्हणते, "दोन दिवस झाले, तुम्ही खोकून राह्यले." मला कसं ऐकू आलं नाही?

२३ जाने., गुरु.
ताप. सुईचा. दंड दुखतो.
लोक पाहून जातात. दारातूनच.

२४ जाने., शुक्र.
ताप आहेच. परीक्षा विटकरीकडे चालली. शेवंतानं डॉ.ना विचारून रोजच्या सुईचं माप वाढवलं.
गाडा तिथेच. बाया पाण्याला मागच्या बाजूनं, काट्यातून जातात.
नामदेव आला. "सुईचाच ना, गड्या?"
"सुईचाच." इतक्या मोठ्यानं बोललो की दोन घरं पलीकडे जावं. मग खोकला आला. तोही दोन घरं पलीकडे गेला.

२५ जाने., शनि.
विटकरी.
डॉ. घरी आले. छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. सुईचा ताप इतका टिकत नाही म्हणाले. सुईच्या आधीच लागला होता, साखरही त्यानंच चढली. लशीला काम करायला वेळच मिळाला नाही. मी आठवडाभर आधी गेलो असतो तर... तरी सांगता आलं नसतं म्हणतात. माझं मन राखतात का? यवतमाळच्या इस्पितळात जा म्हणतात, आजच. म्हटलं, डॉक्टरसाहेब, हळू बोला.

भिंतीपलीकडे कुजबुज. नामदेवचा आवाज, आणखी तिघे. "गाड्याले दोर बांधला का?" "अजून नाही." "मंग कधी? तो मेल्यावर?" नामदेव काही बोलला, तेवढं ऐकू आलं नाही. नेमकं तेवढंच.

डॉ. बंडी बोलवतो म्हणतात. नाही. बंडीत निजून बस्तीबाहेर निघालो तर माझी पाठ वळताच दोर बांधतील. यवतमाळच्या मोटारीपर्यंत चालत जाईन. काट्यातून नाही. गाड्याच्या शेजारून.

शेवंता धुतलेलं धोतर काढून राहिली.
"कोणी इचारलं तर काय सांगू?"
"सांग, भोंग्याचा माल आणाले चालले."
"अन् गाड्यापाशीच खोकला आला तर?"