तिसऱ्या रांगेतल्या दोन खुर्च्या

आदरणीय मेव्हिसकाकू,

तुमच्या ट्रूएटचा मिसिसिपीतल्या टुपेलोजवळच्या या कोपऱ्यातून टेक्सासपर्यंत पोचेल एवढा नमस्कार. देवाच्या दयेने इथे मी ठीक आहे, माझा बहिरा कुत्रा ठीक आहे आणि तुम्ही जाताना माझ्या हवाली केलेली नेच्याची कुंडीही ठीक आहे (दोन पानं पिवळी पडली आहेत, पण ती माझी चूक नाही, कुत्र्याची आहे). गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुमच्या लोरीनने फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी उन्हाळा संपेपर्यंत प्रवास नको म्हटलंय तर नकोच. तुम्ही घाई करणार हे मला माहीत आहे, म्हणून लोरीनला सांगून ठेवलंय की गाडीच्या किल्ल्या तुमच्या हाती लागू देऊ नकोस. डॉइलकाकांच्या कबरीभोवतीचं गवत मी कापलं. शेजारच्या मेथडिस्ट पंथाच्या लोकांच्या बाजूचंही थोडं कापलं, कारण यंत्र सुरूच होतं.

काही मागायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगतो. खुशाली कळवावी एवढंच मनात होतं. पण खुशालीच इतकी लांबली आहे की तुम्ही चहाचा मोठा पेला, बर्फ घालून, शेजारी घेऊन बसलेलं बरं.

आपल्या कॉलेजात खेळखात्याला नवे प्रमुख आलेत, मिस्टर हॅथॉर्न. ओहायोचे आहेत. माणूस वाईट नाही, पण बोलताना घड्याळाकडे बघतात. मंगळवारच्या बेसबॉलच्या सामन्याला ते होमप्लेटच्या, म्हणजे फलंदाजाच्या जागेच्या, मागे उभे राहिले आणि त्यांना काय दिसलं, तर तिथल्या सगळ्या हिरव्या खुर्च्या वर्षभरासाठी विकलेल्या, आणि जवळजवळ सगळ्या रिकाम्या. उलट डाव्या कुंपणापलीकडच्या उतारावर अर्धा गाव पिकअपची मागची फळी पाडून, शेंगा खात, फुकटात बसलेला. टीव्हीवाले येतात तेव्हा कॅमेऱ्यात नेमक्या त्या रिकाम्या खुर्च्या येतात, आणि बघणाऱ्याला वाटतं की आपल्या पोरांचा खेळ बघायला त्यांच्या आयासुद्धा येत नाहीत. त्या भागात लोकांना जागा दाखवायचं काम माझ्याकडे आहे (जागा सगळ्यांना पाठ आहेत, त्यामुळे मी नुसता उभा असतो), म्हणून त्यांनी मला बोलावलं आणि नियम सांगितला. हंगामाचे दोन शनिवार उरलेत, त्यांतल्या एकाही सामन्याला ज्या खुर्चीवर तिचा मालक, किंवा मालकाच्या शब्दाने आलेलं दुसरं कोणी, बसलेलं नसेल, ती खुर्ची कॉलेज परत घेणार. तोवर त्या भरवून दाखवणं हे माझं काम.

काकू, त्यात तुमच्या दोन आल्या. तिसरी रांग, जिन्याकडच्या. तुम्ही टेक्सासला गेल्यापासूनही दर वसंतात त्या न चुकता घेता, आणि डॉइलकाकांच्या खुर्चीच्या हातावर त्यांनी चावीने कोरलेली अक्षरं अजून आहेत. त्या जाऊ नयेत, एवढी एकच गोष्ट त्या दिवसापासून माझ्या डोक्यात आहे.

मी विचार करणारा माणूस, हे तुम्हाला ठाऊक आहे (आई म्हणायची, विचार करता करता याचं जेवण निवतं). मी असा विचार केला की चर्चमध्येही हेच आहे. प्रत्येकाचा बाक ठरलेला, आणि कोणी आजारी असलं तरी त्याच्या बाकावर दुसरा बसत नाही. पाहुणा चुकून बसला तर त्याला कोणी उठवत नाही, फक्त सगळे इतक्या प्रेमाने बघतात की तो पुढच्या रविवारी पंथ बदलून प्रेस्बिटेरियन होतो. हे मिस्टर हॅथॉर्नना समजावणं माझ्या आवाक्यातलं नव्हतं. त्यांनी त्याच सामन्यात भोंग्यावरून जाहीर करायला लावलं की तिसरा डाव संपला की उतारावरच्या कोणीही खाली येऊन रिकाम्या खुर्चीत बसावं. लोक आले. भोंग्यावाल्याने एवढं आर्जवाने बोलावल्यावर न येणं बरं दिसलं नसतं. पण बसलं कोणी नाही. सगळे शेंगांच्या पिशव्या घेऊन दोन रांगांमधल्या वाटेत उभे राहिले. वखारीतला माझा सोबती ऑर्विल एका खुर्चीशेजारी टोपी काढून उभा होता, त्याला म्हटलं बस.

"ट्रूएट, ही मिस बर्निसची खुर्ची."

मी म्हटलं, बाई गेल्या दोन वर्षांत फिरकलेल्या नाहीत.

"आणि आजच आल्या म्हणजे? मी काय तोंड दाखवू त्यांना?"

खरं सांगायचं तर मीही बसलो नसतो. दोन डाव सगळे तसेच उभे. मिस्टर हॅथॉर्नना वाटलं हा निषेध चाललाय, आणि ते कचेरीत जाऊन दार लावून बसले.

यानंतर मी जे केलं ते चांगल्या मनाने केलं, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा. चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनासभेत आपले धर्मगुरू ब्रदर नोलन यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणासाठी प्रार्थना करायची आहे का. माझ्या मनात त्या खुर्च्यांचे मालक होते, की प्रभूने त्यांना मैदानाची वाट दाखवावी. पण देवाच्या घरात उभं राहून बेसबॉलच्या खुर्च्यांचं नाव काढायची मला लाज वाटली. म्हणून मी हात वर केला आणि म्हटलं की मिस बर्निस, मिस्टर टॅल्मेज हूड आणि हॉलिमन नवराबायको यांच्यासाठी माझी विनंती आहे, आणि ती न सांगता ठेवावी. आता, आपल्यात कोणी कारण न सांगता नाव घेतलं की कारण विचारणं हा उद्धटपणा, हे मी तुम्हाला काय सांगू. कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पियानोवाल्या बाईंनी डोळे पुसले. ते बघूनच मला कळायला हवं होतं.

गुरुवारी सकाळपासून जेवणं निघाली, कोणाच्या घरी आजारपण आलं की निघतात तशी. मिस बर्निसच्या घरी दुपारपर्यंत कोंबडीभाताच्या चीज लावून भाजलेल्या परातींची रांग लागली, वर अंडी, केळ्याचं पुडिंग, आणि कोणीतरी अख्खं हॅम. मिस बर्निसना काही झालेलं नव्हतं, पण त्या शहाण्या बाई आहेत. त्यांनी कोणाला दुखवलं नाही. हळू आवाजात आभार मानले आणि सगळं आत घेतलं. मिस्टर टॅल्मेजचं मात्र वाईट झालं. पाचवी बाई परात घेऊन आली आणि त्यांचा हात दोन्ही हातांत धरून काही न बोलता गेली, तेव्हा त्यांनी ओळखलं की आपल्याला काहीतरी झालंय आणि ते आपल्याखेरीज सगळ्यांना माहीत आहे. ते तडक डॉक्टरकडे गेले. डॉक्टर मेथडिस्ट, त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी तपासून सांगितलं की प्रकृती ठणठणीत आहे. ते ऐकून मिस्टर टॅल्मेज आणखीच घाबरले, कारण इतकं वाईट असल्याशिवाय डॉक्टर लपवणार नाही. हॉलिमनांकडे तर दोन टोळ्या गेल्या. बायका मिसेस हॉलिमनना घेऊन स्वयंपाकघरात बसल्या आणि पुरुष मिस्टर हॉलिमनना मासे पकडायला घेऊन गेले, आणि दोघांनाही वेगवेगळं सांगण्यात आलं की अजून वेळ गेलेली नाही. सत्तावीस वर्षांचा संसार त्यांचा. रात्री जेवताना दोघांनी एकमेकांकडे असं बघितलं म्हणे, की त्यापूर्वी कधी बघितलं नव्हतं.

मी शुक्रवारी घरोघर जाऊन खरं सांगणार होतो. सुरुवात ब्रदर नोलनपासून करावी म्हटलं. ऐकताच ते खिडकीकडे वळले. त्यांचे खांदे हलत होते, मला वाटलं रडताहेत. मग म्हणाले, ट्रूएट, प्रभू कोणत्या वाटेने काम करतो ते आपण ठरवायचं नसतं, तू उद्यापर्यंत गप्प बस. धर्मगुरूचं ऐकलं पाहिजे म्हणून मी ऐकलं.

आणि काकू, शनिवारी ते सगळे आले. यायलाच हवं होतं त्यांना. घरी राहिले असते तर आपण आजारी नाही हे कोणाला दाखवणार? मिस्टर टॅल्मेज कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि दर डावाला उभे राहून गरजेपेक्षा मोठ्याने ओरडले. हॉलिमन नवराबायको पहिल्यापासून शेवटपर्यंत हातात हात धरून बसले (मिस्टर हॉलिमननी शेंगा एका हाताने सोलल्या, ते बघण्यासारखं होतं). मिस बर्निसनी उरलेलं हॅम कापून आणलं, कारण त्यांचा फ्रीज बंद होत नव्हता. त्यांना बघायला बाकीचे खुर्चीवाले आले, कारण सगळ्या गावाला काय ते बघायचं होतं आणि ते नीट फक्त आपापल्या खुर्चीतूनच दिसणार होतं. होमप्लेटमागे एक जागा उरली नाही. आपली पोरं हरली, पण ते कोणाच्या लक्षात आलं असं वाटत नाही. मिस्टर हॅथॉर्न धावत आले आणि विचारू लागले की मी हे कसं जमवलं. मी म्हटलं, प्रार्थनेने. ते घड्याळाकडे बघत म्हणाले, पुढच्या वर्षी याचं वेळापत्रक आधीच ठरवू.

एक जागा उरली नाही म्हणालो ते चुकलं. दोन उरल्या. तुमच्या.

पाचव्या डावात लेटा स्प्रूइल आल्या. तुम्हाला आठवत असतील, शाळेच्या स्वयंपाकघराच्या मुख्य, नवरा जाऊन सहा-सात वर्षं झाली. त्या खेळ बघायला आल्या नव्हत्या, मिस्टर टॅल्मेजकडून आपली परात परत घ्यायला आल्या होत्या (परातीखाली चिकटपट्टीवर नाव लिहिलेलं असतं त्यांच्या, पण मिस्टर टॅल्मेज नाव वाचणाऱ्यांतले नाहीत). ऊन फार होतं. मी त्यांना म्हटलं, डॉइलकाकांच्या खुर्चीत घटकाभर बसा. सगळी तिसरी रांग शेंगा खायची थांबली. लेटा म्हणाल्या, नको, आणि खुर्चीच्या शेजारी, सिमेंटच्या पायरीवर, परात मांडीवर घेऊन बसल्या. नेमके तेव्हाच मिस्टर हॅथॉर्न वर आले. भरलेल्या खुर्च्यांमध्ये दोन रिकाम्या, आणि त्यांना खेटून पायरीवर उन्हात बसलेली बाई. त्यांनी विचारलं, बाई, खुर्ची सोडून खाली का?

"साहेब, ज्यांची खुर्ची आहे त्यांना विचारल्याशिवाय मी बसत नाही."

"त्या टेक्सासमध्ये आहेत."

"तिथेही माणसं बोलतात," लेटा म्हणाल्या.

मिस्टर हॅथॉर्न हसले, पण मला बाजूला घेऊन म्हणाले की पुढचा शनिवार शेवटचा, आणि या दोन खुर्च्यांना ते सूट देणार नाहीत. एकाला दिली तर सगळ्यांना द्यावी लागेल. त्यात ते चुकीचे नाहीत. लेटा मात्र शेवटच्या डावापर्यंत पायरीवरच बसल्या. दोनदा मला विचारलं की हा माणूस का पळतोय, आणि मी सांगितलं तर लक्ष देऊन ऐकलं. जाताना म्हणाल्या, उभं राहून तुमचे पाय दुखत नाहीत का. मला आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हणालो. दुखतात.

असो. लोरीनला आणि तिच्या मुलींना माझी आठवण सांगा. गुडघ्यावर भार टाकू नका. माझं नाव प्रार्थनेत घेत जा, फक्त कारणही सोबत सांगा.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
ट्रूएट पॅडजेट

ता. क. बुधवारी मी तुमचंही नाव घेतलं होतं, वर लिहायचं राहिलं. तेव्हा गावातून लवकर बऱ्या व्हा, धीर धरा, देव सोबत आहे अशी पत्रं आली असतील तर ती गुडघ्याबद्दल नाहीत. घाबरू नका. मिस बर्निस जेवणाचं पार्सल पाठवणार होत्या, त्यांना मी थांबवलं.

आणखी एक. नियमात मालकाचा शब्द चालतो. तुम्ही दोन ओळी लिहिल्यात की लेटा स्प्रूइल डॉइलकाकांच्या खुर्चीत बसू शकतात, तर निदान एक खुर्ची वाचेल. काही मागणार नाही म्हणालो होतो, पण हे मागणं नव्हे, ही व्यवस्था आहे.

अजून एक, आणि मग पाकीट बंद करतो. एक वाचली तरी दुसरी राहते. काकू, मी ऑक्टोबरात पन्नासचा होईन. माझ्या जागी उभा राहायला ऑर्विल तयार आहे, मी त्याला सहज विचारून ठेवलं. दुसरी खुर्ची मला बसायला द्याल का? कारण लिहीत नाही. हे पत्र पुन्हा वाचलं तर मीच ते बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आहे असं दिसतं. लेटांना यातलं काही माहीत नाही, आणि त्यांना बेसबॉल आवडतो असंही म्हणवत नाही.

टपालात टाकायला निघालो आणि परत येऊन हे लिहितोय. टपालकचेरीच्या दारात लेटा भेटल्या. त्यांनी सोमवारीच लोरीनच्या नंबरावर फोन केला आणि तुमच्याशी अर्धा तास बोलल्या म्हणे. शनिवारसाठी त्यांनी तुमच्याकडे दोन्ही खुर्च्या मागितल्या, आणि तुम्ही दिल्यात. मी विचारलं, दुसरीवर कोण बसणार? त्या म्हणाल्या, "ज्याचे पाय दुखतात तो." तेव्हा वरचं काही वाचलं नाहीत तरी चालेल. मी शर्ट इस्त्रीला टाकून येतो.